वरचं पांढरं

"घोडे कुठे आहेत तुमचे?" व्हर्लिनने विचारलं.

"घोडे?" डेल्बर्टने हातातला सॉसेजचा तुकडा खाली ठेवला. "मंगळवारी तुझा गळा कापणार आहेत, आणि तू आम्हाला घोडे विचारतोयस?"

"गेल्या शनिवारी नदीकाठी बांधलेत. वहीत बघा." व्हर्लिनचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा झाला होता. "पायी गेलात तर खिंडीपर्यंत दहा दिवस. घोडे आणायला गेलात तर दोन दिवस मागे, पाच पुढे."

"अरे, आजचा एक दिवस सोड ना! म्हण की दोऱ्या तोडून आले आपले आपण."

"तुझ्या गाठी तुटत नाहीत," व्हर्लिन म्हणाला. "तूच सांगत असतोस."

असा माणूस. वहीत बघितलं तर घोडे नदीकाठीच होते. वही मी लिहिते, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आम्ही गुपचूप मागे फिरलो, घोडे सोडले आणि पुन्हा उत्तरेची वाट धरली. सगळं बसल्या जागी. केलर्स मिल गावात, व्हर्लिन टेशच्या घराच्या तळघरात, फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी, बाहेर तळं गोठून दगड झालेलं असताना.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही ते हसतात, म्हणून एकदाच सांगते. टेबलाच्या एका बाजूला पंच बसतो, पुठ्ठ्याचा आडोसा लावून. दुसऱ्या बाजूला आपण. समोर काय दिसतंय ते पंच सांगतो. काय करतो ते आपण सांगतो. जमलं की फसलं ते पासा सांगतो. बाकी सगळं तोंडाचं काम. व्हर्लिन आमचा पंच, आणि तोरव्हेन हे त्याचं जग. नद्या, राजे, बंडं, रोगराई, बाजारभाव, सगळं त्याने रचलेलं. चव्वेचाळीस वर्षं दर शनिवारी तो ते चालवत होता. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी फक्त खेळ तासभर उशिरा सुरू झाला.

आणि त्याचा घसा गेला होता. मंगळवारी स्वरयंत्र काढणार होते. जीव वाचेल म्हणाले, आवाज नाही.

व्हर्लिन शाळेचा बॉयलरवाला. फरशा पुसायच्या, नळ दुरुस्त करायचे, वर्गात कुणी ओकलं तर त्यावर भुसा टाकायचा. अशा माणसाकडे लोक मान वर करून बघत नाहीत. एकोणऐंशी साली चार पोरांना हे असले पासे खेळतात म्हणून जेवणघरातून हाकललं, तेव्हा ह्याने त्यांना बॉयलरच्या खोलीत जागा दिली. त्यातला एक डेल्बर्ट. कुणीतरी पंच व्हायला हवं होतं, आणि पोरांपैकी कुणाला व्हायचं नव्हतं. प्रत्येकाला तलवार हवी होती. व्हर्लिन म्हणाला, मी बसतो.

पंच्याऐंशी साली पाद्र्याने भर प्रार्थनेत सांगितलं की बॉयलरच्या खोलीत सैतानाची पूजा चालते. शाळेने व्हर्लिनला लेखी तंबी दिली. माझ्या आईने माझी वही चुलीत घातली. मी एकवीस वर्षांची होते, दुधाचा टँकर चालवत होते, पण वही चुलीत गेलीच. त्याच लोकांची नातवंडं आता टीव्हीवर ड्रॅगन बघतात आणि त्याच चर्चच्या तळघरात पासे टाकतात, पाद्र्याच्या देखरेखीखाली. एकानेही येऊन व्हर्लिनला चुकलो म्हटलं नाही. मी हे लिहून ठेवतेय. व्हर्लिनने कधीच ठेवलं नाही. त्याने फक्त टेबल उचललं आणि स्वतःच्या घरी आणून मांडलं.

नकाशा काढणं माझं काम. पंच सांगेल तसं सहाकोनी घरांच्या कागदावर उतरवायचं, एक घर म्हणजे सहा मैल. कागदाला कागद चिकटवत आता तो पिंगपाँगच्या टेबलाएवढा झालाय. त्यात कॉफीचे डाग आहेत, डेल्बर्टच्या मोहरी-सॉसचा डाग आहे, त्याला आम्ही सरोवर म्हणतो. आणि अगदी वरती, खरखरी खिंडीच्या पलीकडे, हातभर रुंदीची कोरी पट्टी आहे. तिला नाव नाही. आम्ही तिला वरचं पांढरं म्हणतो.

चाळीस वर्षांत का गेलो नाही? कधी दक्षिणेत लढाई लागायची. कधी राणी बाळंत व्हायची आणि गादीचा घोळ व्हायचा. एक्क्याण्णवमध्ये निघालो तर खिंडीत बर्फाने गाडलं. पाशावर तीनदा एक पडला. त्यानंतर डेल्बर्ट दरवर्षी म्हणायचा, हरणांची शिकार उरकली की जाऊ वर. खरं सांगायचं तर आम्हाला ते राखून ठेवायचं होतं. मला तर नक्कीच. पहाटे साडेतीनला गोठ्यांवरून दूध गोळा करत फिरताना, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी वरच्या पांढऱ्यात काय असेल तेच घोळवायची. नवरा सोडून गेला त्या वर्षी तर दुसरं काही घोळवलंच नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी असल्या खेळांची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. सगळं तोरव्हेन छापतो म्हणाला, रंगीत. नकाशावर बोट ठेवून त्याने विचारलं, "वर काय आहे?"

"अजून कुणी गेलेलं नाही," व्हर्लिन म्हणाला.

"पण तुम्ही बनवलं असेलच की."

"बनवलंय. कुणी गेलेलं नाही."

कोरी जागा छापता येत नाही, म्हणाला तो. सांगा, नाहीतर आमची पोरं भरतील. व्हर्लिनने त्याचा कोट आणून दिला. ह्या गावात ज्याला आडनावानेही कुणी हाक मारत नव्हतं, त्या माणसाने स्वतःचं नाव असलेलं पुस्तक असं दारातून परतवून लावलं.

बनवलंय हे मात्र खरं होतं. पुठ्ठ्यामागे लोखंडी खण होता, त्यात एक बाड होतं, चार बोटं जाडीचं, चपट्या नाडीने बांधलेलं. आम्ही ते चाळीस वर्षं बाजूनेच बघत आलो होतो.

तर त्या शनिवारी आम्ही ठरवूनच आलो होतो. आज वर जायचं. व्हर्लिनच्या तोंडून ऐकायचं, जेवढं ऐकायला मिळेल तेवढं. पण पठ्ठ्याने एक घर फुकट दिलं नाही. घोडे आणायला लावले. दलदलीतून फिरवलं. एका खेड्यात म्हातारीने रोटी दिली तर ती कशाची आहे तेही सांगितलं. बोलताना दर चार वाक्यांनी थांबून पाण्याचा घोट घ्यायचा, गिळताना डोळे मिटायचा. चार वाजता आम्ही खिंडीच्या तोंडाशी पोचलो.

"धुकं आहे," व्हर्लिन म्हणाला. "पुढचं दिसत नाही."

"मी पुढे होतो," नेंग म्हणाला.

नेंग नेहमीच पुढे होतो. सहावीत असताना तो ह्या टेबलापाशी आला, लाओसमधून, निर्वासितांच्या छावणीतून, शाळेतला पहिला ह्मोंग जमातीचा पोरगा. इंग्रजीची दहा वाक्यं यायची. व्हर्लिनने त्याला वाटाड्याचं काम दिलं, कारण वाटाड्याला एवढंच बोलावं लागतं: मी पुढे होतो, मी थांबतो, मी ऐकतो. आता तो कागद कारखान्यात पाळीप्रमुख आहे आणि डेल्बर्टच्या दुप्पट बोलतो.

"थांब," व्हर्लिन म्हणाला. त्याने खण उघडला, बाड काढलं आणि पुठ्ठ्यावरून आमच्या बाजूला ठेवलं. "ह्याच्या पुढे मी नाही. तुमच्यातलं कुणीतरी."

आम्ही तिघंही त्या बाडाकडे असे बघत राहिलो, जसं कुणी टेबलावर मूल आणून ठेवलंय.

"पाटी घे ना," डेल्बर्ट म्हणाला. "नाहीतर तो फोन. टाईप केलं की बोलतो. माझ्या मेहुण्याचा तर दिवसभर बोलतो, बंदच होत नाही."

"मी टाईप करेपर्यंत बाण हवेत थांबेल?"

"मग ते गळ्याला लावायचं यंत्र. घर्रर्र करतं ते."

"त्यातून राक्षस बोलेल. ती रोटीवाली म्हातारी नाही बोलणार." व्हर्लिनने घोट घेतला. "लव्हॉन. तू घे."

आता इथे एक गोष्ट कळायला हवी. जो पंच होतो तो चालत नाही. धुक्यामागे काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो धुक्यात शिरू शकत नाही, एवढं सरळ आहे. ते बाड जो वाचेल, त्याच्यासाठी वरचं पांढरं संपलं. तो फक्त दुसऱ्यांना आत जाताना बघणार.

"मी का?" माझा आवाज चढला. "डेल्बर्ट घेईल."

"मी?" डेल्बर्ट म्हणाला. "माझे सगळे राजे माझ्या मेहुण्यासारखे बोलतील."

"नेंग?"

नेंग बाडाकडे बघत नव्हता. "मी एक नदी पार केलीय, लव्हॉन," तो म्हणाला. "पलीकडे काय आहे माहीत नसताना. आईच्या पाठीवर. तेव्हा मी डोळे गच्च मिटले होते. इथे येऊन मी उघडे ठेवून पार करायला शिकलो. मला हे चालू दे."



"म्हणजे बाईनेच उठायचं," मी म्हटलं. "वाढायला. तुम्ही खा, मी वाढते. चाळीस वर्षं नकाशा काढला, वह्या लिहिल्या, आणि आता जायची वेळ आली तर लव्हॉन, तू दाराशी उभी राहा. मला जायचंय तिथे! तुमच्यापेक्षा जास्त जायचंय!"

"म्हणूनच," व्हर्लिन म्हणाला. "काही चुकलं की राग फक्त तुला येतो."

"मग आलाय मला राग. घे."

मी वर निघून गेले. स्वयंपाकघरात आर्लिस ओट्याशी उभी राहून रुबार्बच्या आंबटगोड वड्या कापत होती. आर्लिस म्हणजे त्याची बायको. एकेचाळीस वर्षांत ती एकदाही खेळायला बसली नाही, आणि एकदाही तिने आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही.

"आरडाओरडा कसला चाललाय गं?"

"तुझा नवरा मला बाड देतोय."

"घेऊ नकोस मग. जड आहे ते. मी धूळ पुसते ना, मला माहीत आहे." तिने सुरी पुसली. "तुला खूप जायचंय वर?"

"तुला काय माहीत?"

"जिन्यातून सगळं ऐकू येतं, पोरी. डेल्बर्टच्या त्या बुटक्या योद्ध्याने लग्न केलं तेव्हा मी इथे रडले होते." तिने वडी माझ्या हातात ठेवली. "आमचं लग्न झालं तेव्हा म्हणायचा, समुद्र बघायला जाऊ. थंडीत बॉयलर सोडता येत नाही. उन्हाळ्यात शाळेच्या फरशांना मेण. रिटायर झाला तर शनिवार. एकदा मी विचारलं, त्या तुझ्या जगात तरी तू कुठे कुठे गेलास, सांग. तर म्हणाला, मी कुठे जाणार? मी सांगतो, ते जातात."

ती पुन्हा वड्या कापायला लागली.

मी ती वडी हातात धरून उभी होते. इतकी वर्षं मी त्याला पुठ्ठ्यामागे बघत आले. आम्ही डोंगर चढायचो तेव्हा तो पुढे झुकायचा. आम्ही दार उघडायचो तेव्हा त्याचा श्वास थांबायचा, दारामागे काय आहे ते स्वतःच लिहिलेलं असून. मला वाटायचं, मजा येतेय ह्याला. येतच होती. पण एकोणऐंशी साली पोरांना तलवारी हव्या होत्या म्हणून तो जो खुर्चीत बसला, तो बसलाच. तलवार त्यालाही हवी होती का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी दर शनिवारी सगळ्यांवर ओरडते.

मी खाली आले.

"ऊठ," मी व्हर्लिनला म्हटलं.

"घेतेस?"

"खुर्ची घेते. बाड नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मी वाचणार नाही. वर काय आहे ते मी बनवीन. पहिल्यापासून. तू माझ्या जागेवर बस आणि चाल."

 

"वेडी आहेस का?" डेल्बर्ट हळू म्हणाला. "चाळीस वर्षांचं लिहिलेलं आहे त्याचं. आत काय आहे ते मग कुणालाच नाही कळणार? कधीच?"

"नाही कळणार."

"एकदा वाच तरी. मग बदल हवं तर."

"वाचलं की त्याचंच होईल. मी काहीही सांगितलं तरी तो तिथे बसून डोळ्यांनी मला सुधारत राहील. ओळखते मी ह्याला." मी व्हर्लिनकडे वळले. "ते बाड आम्हाला दे, मी वाचते, शपथ, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही, आणि तू शेजारी बसून ऐक. नाहीतर ते बंद कर आणि चल. दोन्ही नाही होणार. मला शिव्या दे हव्या तर. सोमवारपर्यंत देता येतील तुला."

डेल्बर्ट हसला आणि लगेच गप्प झाला.

व्हर्लिनने बाड स्वतःकडे ओढलं. नाडी सोडली. पहिला कागद पिवळा पडला होता, त्यावर बारीक पेन्सिलीत काहीतरी काढलेलं होतं. मी तोंड फिरवलं, नेंगनेही फिरवलं. फक्त पानांचा आवाज येत होता. त्याने ते सगळं चाळलं, सावकाश, एकेक पान. डेल्बर्टने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती, कारण त्याचा स्वतःवर भरवसा नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आर्लिस जिन्यात येऊन उभी होती.

मग नाडी बांधल्याचा आवाज आला. खण लागल्याचा आला. किल्ली त्याने आर्लिसकडे दिली.

तो पुठ्ठ्याला वळसा घालून आमच्या बाजूला आला. सात पावलं असतील. माझ्या खुर्चीत बसला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा लाजला.

"कसं बनवतात?" त्याने विचारलं. "म्हणजे, माणूस."

ह्या माणसाने चव्वेचाळीस वर्षांत गावातल्या दोनशे-तीनशे पोरांना खेळातला माणूस बनवून दिला असेल. मी त्याच्यासमोर पासे ठेवले. सहा वेळा टाकायचे. त्याचे इतके वाईट पडले की डेल्बर्टला राहवेना.

"ताकद अठरापैकी पाच! अरे, ह्याला दुधाचा कॅन उचलता यायचा नाही. ह्याला घोड्यावर कोण चढवणार?"

"तूच," नेंग म्हणाला. "तुझ्या गाठी चांगल्या असतात. बांध त्याला."

"पुन्हा टाकू?" व्हर्लिनने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पडलं ते पडलं."

हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नावाच्या जागी आम्ही सगळ्यांनी कधीकाळी भारदस्त नावं लिहिली होती. त्याने पेन्सिल घेऊन लिहिलं, व्हर्लिन.

मंगळवारी ऑपरेशन झालं.

पुढचे सहा आठवडे मी टँकरच्या केबिनमध्ये वरचं पांढरं लिहिलं. गोठ्यावर दूध चढायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात एक टेकडी, नाहीतर एक नदी. पन्नास पानं फाडली. माझं शिक्षण बारावीपर्यंत, आणि गवताला रंगांची नावं सापडता सापडत नाहीत. रोज वाटायचं, बाडात हे किती चांगलं असेल. मला वरचं पांढरं हवं होतं, आणि आता माझ्यासाठी ते दुधाच्या डागांची वही झालं होतं. मी रडले का? रडले. टँकरमध्ये रडलेलं कुणाला दिसत नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही बसलो. मी पुठ्ठ्यामागे. खुर्ची उंच आहे, पाय टेकत नाहीत. समोर डेल्बर्ट, नेंग, आणि मधे व्हर्लिन, गळ्यावर आर्लिसने शिवलेलं निळं फडकं, बारा किलोने उतरलेला. त्याच्या पुढ्यात कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल.

 मी वही उघडली.

"धुकं विरतंय," मी म्हटलं. "खिंड संपली. खाली गवत आहे, माणसाच्या छातीपर्यंत, जिथवर नजर जाईल तिथवर. वारा नाही. तरी डावीकडे एका जागी गवत हलतंय."

डेल्बर्टने तलवारीवर हात ठेवल्यासारखा पाशावर हात ठेवला. नेंगने तोंड उघडलं; मी पुढे होतो म्हणणार होता तो. उघडलं आणि मिटलं, आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

"काय करतोस?" मी व्हर्लिनला विचारलं.

त्याने पेन्सिल उचलली नाही. पुढेही झुकला नाही. पंजा वर केला, आमच्या तिघांकडे, सांभाळून, जसं कुणी झोपलेल्याच्या खोलीत शिरणाऱ्याला करतं. थांबा. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते, कागदावर नव्हते. त्याला आधी थोडा वेळ नुसतं बघायचं होतं.

मी गवत तसंच हलू दिलं.